गलवाननंतरही भारत चीनशी बोलणी का करतो? हे नमतं घेणं नाही का?

तुमचा राग मला कळतो. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले, तेव्हा आमच्या गावच्या पोरांनी चौकात चिनी वस्तूंची होळी केली आणि मीही तिथं उभा होतो. तरीही तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे, म्हणून केळीपासूनच सुरुवात करतो.

फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर मैलोनमैल केळी आहे. त्यांची कॅव्हेंडिश आणि आपली जी-नाईन या केळीच्या जाती एकाच कुळातल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोल या खडकांजवळ फिलिपिन्सच्या नौदलानं चिनी मासेमारी बोटी अडवल्या आणि चीनच्या गस्ती नौका मध्ये पडल्या. गोळी एकही सुटली नाही. पण त्याच सुमारास 'केळीत कीड सापडली' म्हणत चीननं बंदरावरची तपासणी कडक केली आणि फिलिपिन्सची केळी धक्क्यावर सडली. केळीवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे कापणीच्या दिवशी गाडी संध्याकाळपर्यंत आली नाही, तर बांधावर ठेवलेल्या घडांकडे बघवत नाही. निर्यातीचा माल असला तरी तो वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात जातो. त्या माणसांचा माल तर परक्या देशात अडकला होता आणि भांडण त्यांचं नव्हतंच.

पुढे फिलिपिन्स आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. १२ जुलै २०१६ ला निकाल मोठ्या प्रमाणात त्यांच्या बाजूनं लागला. चीननं तो मानला नाही. केळीवरचे निर्बंध उठले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते यांच्या बीजिंग भेटीच्या सुमारास. खडकांवरचा ताबा मात्र चीननं सोडला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तिथंच फिलिपिन्सच्या सरकारी नौकांवर पाण्याचे फवारे मारले गेले. म्हणजे बोलण्यानं बाजार उघडला, समुद्र नाही उघडला. हे दोन्ही मी विसरत नाही.

आता आपलं बघा. ठिबकमधून आपण जी विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं सोडतो, १९:१९:१९ असो की १२:६१:० (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण सांगतात), त्यातला मोठा भाग चीनमधून येतो. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर चीननं भारताकडे येणारा हा माल रोखून धरला. माझी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड, नुकतीच लागली होती. मुळं धरायला १२:६१:० हवं, आणि दुकानदार हात हलवून दाखवत होता. शेवटी कुठलंतरी स्वस्तातलं आणलं. बादलीत काठीनं कितीही ढवळलं तरी तळाशी पांढरा गाळ राहायचा. आठवड्याभरात नळ्यांच्या टोकाचे ड्रिपर बंद झाले. मी आणि मुलगा टाचणी घेऊन ओळीओळीनं बसलो होतो.

त्याच ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले. जयशंकर यांच्याशी भेट झाली, डोवाल यांच्याबरोबर सीमाप्रश्नावरची चोविसावी फेरी झाली. खतं, दुर्मीळ खनिजं आणि बोगदे खोदायची यंत्रं हे विषय भारतानं मांडल्याचं बातम्यांत आलं. सीमेचा नकाशा आणि माझी खताची गोणी एकाच भेटीत निघाली होती. तिथं आपला माणूस बसलाच नसता तर ती गोणी कोणी मागितली असती?

आणि हे बोलणं सैन्य मागं घेऊन झालेलं नाही. गलवानच्या नऊ दिवस आधी, ६ जून २०२० ला, दोन्ही सैन्यांच्या कोअर कमांडरांची (वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांची) पहिली बैठक झाली होती. फेब्रुवारी २०२४ पर्यंत अशा २१ फेऱ्या झाल्या. तेवढे सगळे हिवाळे आपले जवान लडाखमध्ये वर ठाण मांडून होते. म्हणून २१ ऑक्टोबर २०२४ ला लडाखमधल्या देपसांग आणि देमचोक इथल्या गस्तीबाबत समझोता जाहीर करता आला.

विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. २०२० ते २४ या काळात पाकिस्ताननं बाहेरून घेतलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनची होती, हा शस्त्रव्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा आकडा आहे. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चीन पाकिस्तानला ताजी माहिती पुरवत होता, हे आपल्या उपलष्करप्रमुखांनीच जाहीरपणे सांगितलं.

मला पटतो तो जपानचा मार्ग. २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळच्या वादानंतर चीनकडून जपानला जाणारी दुर्मीळ खनिजं अडली. जपाननं बोलणं तोडलं नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचं अवलंबन साधारण ९० टक्क्यांवरून ६० च्या आसपास आणलं. त्याला दहाएक वर्षं लागली.

म्हणून माझा राग बोलणीवर नाही. २०२० मध्ये आपण वस्तू जाळल्या आणि २०२५ मध्येही तेच खत तिथूनच मागवत होतो, याचं मला वाईट वाटतं. यंदा कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लागवडीसाठी, खत घेताना मी गोणी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. देशाचं नाव तिथं छापलेलं असतं. मुलाला म्हटलं, भाव नंतर विचार, आधी हे वाच.