‘साउंड’चा अर्थ शोधताना आधी मूळ वेगळं करा

इंग्रजी ‘साउंड’ (sound) या शब्दाचे सगळे अर्थ ‘आवाज’ या एकाच अर्थाला जोडायला जाऊ नका. नवशिक्यांची गाडी नेमकी इथेच अडते: ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप, मग तिचा आवाजाशी संबंध काय? काहीच नाही. इथे चार वेगळे शब्द काळाच्या ओघात एकाच रूपात येऊन मिळाले आहेत.

आवाजाचा ‘साउंड’ लॅटिन ‘सोनुस’वरून फ्रेंचमार्गे आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो नुसता ‘सून’ होता. शेवटचा ‘ड’ नंतर चिकटला. ‘थंडर’मधला ‘ड’ही असाच उपरा, जुना शब्द ‘थुनोर’. निरोगी, भक्कम या अर्थाचा ‘साउंड’ मात्र अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ भाषाकुळातला. जर्मनमध्ये आजही ‘गेझुंट’ म्हणजे निरोगी. गाढ झोप, ‘साउंड अ‍ॅडव्हाइस’, ‘सेफ अँड साउंड’ हे सगळं याच घरातलं.

सामुद्रधुनीचा ‘साउंड’ जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ‘सुंद’चा. डेन्मार्क-स्वीडनमधल्या ‘ओरेसुंद’ या सामुद्रधुनीच्या नावात तो दिसतो. चौथा, खोली मोजण्याचा, फ्रेंच ‘सोंदे’वरून आला. खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत; ‘साउंड आउट’, म्हणजे एखाद्याचा कल आजमावणं, त्यावरूनच.

शब्दकोश निवडतानाही जपून. शिकणाऱ्यांसाठीचे कोश बहुधा नाम, विशेषण, क्रियापद अशी विभागणी करतात आणि व्युत्पत्ती गाळतात, त्यामुळे वेगळी मुळं एकत्र मिसळतात. व्युत्पत्ती देणारा मोठा कोश घ्या. त्यात शब्दाच्या डोक्यावरचा बारीक आकडा आधी बघा: आकडा बदलला की सहसा मूळ बदललं. नोंदीच्या आतले क्रमांक हे त्याच शब्दाचे फुटलेले अर्थ. दोन्हींची गल्लत करू नका.