पाय प्लास्टरमध्ये असताना सोळा तासांचा उपवास करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीवरून पडून घोटा मोडलाय, सहा आठवडे प्लास्टर आहे. वय ४६, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१. रंकाळा तलावाची रोजची फेरी बंद झाली. वजन आणि साखर चढू नये म्हणून सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत जेवावं का?

सोळा तास नको. रात्रीचे बारा, फार तर तेरा तास पोट रिकामं ठेवा आणि बाकी सगळं लक्ष स्नायू टिकवण्याकडे द्या. मी कोल्हापुरातच फिजिओथेरपी करतो, प्लास्टर निघालेले पाय रोज बघतो, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

जेवल्यावर रक्तात येणारी साखर उचलायचं सगळ्यात मोठं काम स्नायूंचं. पाय पडून राहिला की हे काम आठवड्याभरातच मंदावायला लागतं. कोपनहेगनमध्ये धडधाकट तरुणांना दिवसाला सुमारे दहा हजार पावलांवरून दीड हजारांच्या आत आणलं होतं. दोनच आठवड्यांत त्यांची इन्सुलिनला साथ देण्याची क्षमता सुमारे १७ टक्क्यांनी घटली आणि पायांतला स्नायूही कमी झाला. त्यांना प्लास्टर नव्हतं, आजार नव्हता, फक्त चालणं कमी केलं होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांचा दम पाव हिश्श्याहून जास्त उतरला. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली.

तालमीतल्या पोरांचं उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. गुडघा दुखावलेला पैलवान घरी बसतो, जोर-बैठका बंद होतात, पण बदामाची थंडाई, तूप, दूध हा खुराक चालूच असतो. माझ्याकडे आला की मी गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्या मोजतो. दुखरी मांडी बारीक झालेली असते, पोट सुटलेलं असतं आणि काट्यावर वजन जवळपास तेवढंच. त्याला वाटतं, फार काही बिघडलं नाही. म्हणून सध्या काट्यावर विसंबू नका. बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजत चला.

आता उपवासाचं. त्याचा फायदा खोटा नाही. २०१८ च्या अलाबामातल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी दिवसाचं सगळं खाणं दुपारी तीनपर्यंत संपवलं, तेव्हा वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं. पण ती माणसं आठच होती आणि हिंडती-फिरती होती. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी तुम्ही म्हणता तोच सोळा-आठचा प्रकार बारा आठवडे तपासला. वजनात नेहमीच्या तीन जेवणांपेक्षा ठळक फरक पडला नाही आणि ज्यांची कसून तपासणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनातला निम्म्याहून जास्त वाटा चरबीचा नाही, तर स्नायू वगैरे चरबीशिवायच्या भागाचा होता. चालत्या माणसांचं हे असेल तर पाय बांधून पडलेल्या माणसाने ही जोखीम का घ्यावी? शिवाय तुमचं हाड जुळतंय. त्याला रोज प्रथिनं लागतात, पुरेसं अन्न लागतं.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत घरोघरी गेली आहे, तुमच्या मित्रानेही तीच सुचवली असेल. त्या पद्धतीत पंचेचाळीस मिनिटांचं भरभर चालणंही आहे, हे लोक सोयीने विसरतात. चालणं वगळून उरलेली अर्धी पद्धत उचलू नका.

मग करायचं काय? रात्रीचं जेवण साडेसातच्या आत उरका आणि सकाळी साडेसातपर्यंत पाण्याशिवाय काही नको. रात्री अकराची भडंग आणि चहाबरोबरची खारी बंद. एवढ्यानेच बहुतेकांचं बरंचसं फालतू खाणं सुटतं. भात-भाकरी नेहमीपेक्षा थोडी कमी, पण तिन्ही जेवणांत प्रथिन हवंच: सकाळी दोन-तीन अंडी किंवा उसळ, दुपारी घट्ट डाळ आणि दही, रात्री पनीर, मासे किंवा चिकन. अंड्यात सहा ग्रॅम धरा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. किडनीचा त्रास नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन जमवा. घरचे हाडासाठी म्हणून पायाचं सूप आणि पांढरा रस्सा देतायत ना? प्या, चांगला लागतो. पण रश्शात प्रथिन फार उतरत नाही, ते फोडीत राहतं. फोडी खा आणि वरचा तवंग काढून ठेवा. एकादशी धरत असाल तर साबुदाण्यावर भागवू नका, तो जवळपास नुसता स्टार्च आहे. आणि निर्जळी अजिबात नको. पाय हलत नसताना पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, पाणी भरपूर प्या.

व्यायामाला तुमच्या हाडाच्या डॉक्टरांची परवानगी घ्या, बहुतेकदा मिळते. प्लास्टरच्या पायाच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून ती खाली दाबा, पाच-सात सेकंद धरा, सोडा. दहा-बारा वेळा, दिवसातून चार-पाचदा. बोटं हलवत राहा. चांगल्या पायाची टाच खुर्चीत बसून वर-खाली करा. ह्युस्टनमध्ये अशाच बसल्या बसल्या केलेल्या पोटरीच्या हालचालीने जेवणानंतरची साखर उतरलेली दिसली, पण तिथे ती तासन्‌तास केली होती, म्हणून पाच मिनिटांत चमत्कार धरू नका. हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम करा आणि हे सगळं जेवणानंतर अर्ध्या तासात बसवा, कारण साखर तेव्हाच चढत असते. आडवं पडून मोबाईल बघायची वेळ नेमकी तीच असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

तुम्ही मधुमेहाच्या गोळ्यांचा उल्लेख केला नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण लांबवल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर लांब उपवासात रक्त आम्लधर्मी व्हायचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी न चढता. यातलं काही घेत असाल तर रात्रीचे बारा-तेरा तासही डॉक्टरांना विचारूनच.

प्लास्टर कापल्यावर पोटरी बघून माणसं घाबरतात: कातडीला सालपटं, मोजा सैल, पाय दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. ती भरून येते. रंकाळ्याची फेरी पूर्ववत झाली आणि तेव्हाही एचबीए१सी सहाच्या वर असेल, तर सोळा तासांचं खुशाल बोलू. आत्ता पहिलं काम, टॉवेल घ्या आणि दुपारच्या जेवणानंतर सुरू करा.