घरी सिस्टर ठेवताय? आधी एवढं बघा

ताई, पेशंटला हॉस्पिटलातून घरी आणून सिस्टर ठेवायची म्हणून घाबरू नका, जमेल. डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून कामांची यादी लिहून घ्या. अंघोळ, डायपर, चालवणं एवढंच असेल तर मावशी (नर्सिंग न शिकलेली मदतनीस बाई) पुरतात. इन्सुलिन, कॅथेटर (लघवीची नळी), भरवण्यासाठी नाकातली नळी असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली सिस्टरच हवी.

नवखे लोक ब्यूरोनं (सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीनं) पाठवलेल्या बाईचा पांढरा युनिफॉर्म बघूनच विश्वास ठेवतात. तसं नको. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र मागा. नाव, फोटो आधारशी ताडा, नूतनीकरणाची तारीखही बघा.

पहिल्या दिवशी सिस्टर नळीतून भरवताना शेजारी उभ्या राहा. आधी नळी जागेवर आहे का तपासलं? डोक्याकडची बाजू उंच केली? भरवल्यावर निदान अर्धा तास पेशंटला आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. इथे हयगय दिसली तर भिडेखातर गप्प बसू नका, त्याच दिवशी ब्यूरोकडे दुसरी सिस्टर मागा.

आणि महिन्याचे पैसे आगाऊ देऊ नका.