होस्ट्स फाइलमध्ये नावं टाकूनही घरातल्या फोनवर त्या साइट्स का उघडतात?

तुम्ही संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये (साइटचं नाव लिहून ती त्या संगणकावर अडवता येते ती फाइल) जुगाराच्या आणि अश्लील साइट्सची नावं टाकलीत. तिथे त्या बंद झाल्या, पण त्याच वायफायवर मुलांच्या फोनवर बिनदिक्कत उघडतात. तसं होणारच, कारण ती फाइल त्या एका संगणकापुरतीच असते. शिवाय अशा साइट्स नावं बदलून रोज नव्याने उगवतात. एकेक नाव लिहून कुणी पुरं पडत नाही.

अडवायचं ते राउटरवर, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या यंत्रावर. कुठलीही साइट उघडण्याआधी फोन किंवा संगणक तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तिचा आकडी पत्ता) डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकाला, विचारतो, आणि कोणत्या सर्व्हरला विचारायचं हे सहसा राउटर सांगतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना जोडणीची माहिती देणारी सोय) किंवा इंटरनेटच्या पानावर डीएनएसच्या दोन जागा असतात. तिथे अश्लील साइट्सचा पत्ताच न देणारे सर्व्हर नेमा: क्लाउडफ्लेअर कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका, किंवा ओपनडीएनएस फॅमिलीशील्डचे २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. दोन्ही फुकट आहेत, खातंही उघडावं लागत नाही.

दोन्ही जागी एकाच सेवेचे पत्ते द्या. पुष्कळ जण दुसऱ्या जागी ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून गूगलचा, काहीच न अडवणारा ८.८.८.८ टाकतात. पण पहिला सर्व्हर बंद पडला तरच दुसऱ्याला विचारायचं, असं सगळी यंत्रं पाळत नाहीत. मग गाळणी कधी लागते, कधी लागत नाही, आणि कारण शोधण्यात माणूस हैराण होतो. तसंच आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे डीएनएस पत्ते वेगळे असतात. तेही बदला, नाहीतर तिथून वाट मोकळीच राहते.

आता जुगाराचं. क्लाउडफ्लेअरचे वरचे पत्ते अश्लील आणि घातक साइट्स अडवतात, जुगाराच्या नाही. त्यासाठी विषयवार निवड करू देणारी सेवा हवी. ओपनडीएनएस होमचं फुकट खातं किंवा नेक्स्टडीएनएस ही मला योग्य वाटतात. ओपनडीएनएसमध्ये घरच्या कनेक्शनचा आयपी नोंदवावा लागतो. तो अधूनमधून बदलत असेल तर नवा आयपी आपोआप कळवणारा त्यांचा छोटा प्रोग्राम एखाद्या संगणकावर चालू ठेवा. हा खटाटोप जरूर करा. जुगाराच्या साइट्स मुलांच्या हाती लागू नयेत ही तुमची काळजी अगदी रास्त आहे, आणि अर्ध्या बंदोबस्ताने ती मिटणार नाही.

पळवाटा राहतातच. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ नावाची सोय असते. तिथे कुणी दुसरा सर्व्हर निवडला तर राउटरचं काही चालत नाही. मुलांच्या यंत्रांवर ती बंद करून ठेवा. व्हीपीएन अॅपचंही (सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारं अॅप) तेच, म्हणून त्यांच्या फोनवर अॅप टाकायला तुमची परवानगी लागेल असं करा. मोबाइल डेटावर तर राउटरचा संबंधच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सेटिंगमध्ये तुमच्या सेवेने दिलेलं नाव भरलं की वायफाय असो वा डेटा, गाळणी लागू राहते. ओपनडीएनएस होम मात्र तुम्हाला घरच्या आयपीवरून ओळखतं, म्हणून त्यातली तुमची निवड डेटावर लागू होत नाही.

या पद्धतीने पूर्ण साइट बंद होते, तिचं एखादं पान नाही. यूट्यूब चालू ठेवून त्यातला ठरावीक चॅनेल अडवायचा असेल तर ते यूट्यूबच्या आतल्या सेटिंगमधूनच करावं लागेल. राउटरमध्ये शब्द टाकून पानं अडवायची सोय दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. आता जवळपास सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, आहेत, आणि त्यांच्या पानांतला मजकूर राउटरला वाचता येत नाही.

बदल केल्यावर प्रत्येक फोन वायफायवरून तोडून पुन्हा जोडा, कारण जुनी उत्तरं काही काळ साठवलेली असतात. मग एकेका यंत्रावर स्वतः तपासा. राउटरचा अॅडमिन पासवर्ड मूळचाच असेल तर तो आजच बदला. बऱ्याचदा तो खालच्या स्टिकरवरच छापलेला असतो.