वाचकांचे प्रश्न : रनआउटचा पीपीके १.९५ धरावा का?

प्रश्न : आमच्याकडे सीएनसी लेथवर शाफ्ट होतात. रनआउट (शाफ्ट फिरताना त्याचा पृष्ठभाग किती हलतो ते माप) जास्तीत जास्त ५० मायक्रॉन चालतो. १२५ नगांची सरासरी १३.२८ आणि प्रमाण विचलन ६.२९ मायक्रॉन आले, म्हणजे पीपीके (मर्यादेच्या तुलनेत प्रक्रिया किती सक्षम आहे हे सांगणारा निर्देशांक) १.९५. ग्राहकाने ‘डेटा नॉर्मल नाही’ (मापे घंटेच्या आकाराच्या वितरणात बसत नाहीत) म्हणून रिपोर्ट परत पाठवला. आता काय करावे?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : ग्राहकाचे बरोबर आहे. सरासरीतून तीन सिग्मा (प्रमाण विचलनाची तिप्पट) वजा करून पाहा : उणे ५.६ मायक्रॉन येतात. रनआउट शून्याखाली जाऊच शकत नाही. अशी मापे शून्याच्या बाजूला दाटतात आणि उजवीकडे लांब शेपूट सोडतात. नग बाद होतात ते याच शेपटीत, आणि नॉर्मलचे सूत्र तिचीच लांबी कमी धरते.

पण सॉफ्टवेअरमध्ये लगेच दुसरे वितरण निवडू नका. आधी नग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मापे कंट्रोल चार्टवर (प्रक्रिया स्थिर आहे का हे दाखवणारा आलेख) मांडा. दोन मशीनचा माल एकत्र झाला, मध्येच कोलेट (नग पकडणारा भाग) बदलला किंवा बाद नग अगोदरच बाजूला काढले, तरी डेटा नॉर्मल दिसत नाही. तिथे वितरण बसवत बसलात तर खरा दोष झाकला जातो. मोजायच्या डायलचा लीस्ट काउंटही (तो दाखवू शकतो ते सर्वांत लहान माप) बघा. १० मायक्रॉनच्या डायलवर मापे ०, १०, २० अशी पायऱ्यांवर पडतात आणि डेटा नॉर्मल आहे का हे पाहणारी अँडरसन-डार्लिंग चाचणी डायलमुळेच नापास होते. १ मायक्रॉनचा डायल घ्या.

प्रक्रिया स्थिर असेल तर प्रॉबॅबिलिटी प्लॉटवर (वितरण जुळले तर बिंदू सरळ रेषेत येतात असा आलेख) लॉगनॉर्मल आणि वायबुल ही दोन्ही वितरणे बसवून बघा. चाचणीच्या नुसत्या पी-व्हॅल्यूवर जाऊ नका, उजव्या टोकाचे बिंदू रेषेवर आहेत का ते पाहा. लॉगनॉर्मल बसले असे धरू. तुमच्या आकड्यांवरून मीडियन १२ मायक्रॉन आणि लॉग घेतलेल्या मापांचे प्रमाण विचलन ०.४५ निघते. मग ९९.८६५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९९.८६५ टक्के मापे येतात तो आकडा; नॉर्मलमध्ये तो सरासरी अधिक तीन सिग्मा असतो) १२ गुणिले ई चा १.३५ वा घात, म्हणजे ४६.३. पीपीके = (५० − १२) ÷ (४६.३ − १२) = १.११. हा पर्सेंटाइल १२५ मापे चढत्या क्रमाने लावून मिळत नाही, त्यासाठी वितरण बसवावेच लागते.

दुसरी रीत मापांचा लॉग घेण्याची. इथे बरेच जण मर्यादेचा लॉग घ्यायला विसरतात. ५० चा लॉग ३.९१२, १२ चा २.४८५. (३.९१२ − २.४८५) ÷ (३ × ०.४५) = १.०६. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त व्याख्या वेगळ्या. आमच्या मते दुसरा अधिक उपयोगी, कारण मर्यादेबाहेरचे प्रमाण त्यातून थेट कळते : दहा लाखांत सुमारे ७६० नग. १.९५ च्या हिशेबाने ते जवळपास शून्य भरले असते! रिपोर्टमध्ये रीत आणि वितरण दोन्ही लिहा, शिवाय ९५ टक्के विश्वासमर्यादाही द्या. १२५ नगांवर ती साधारण ०.९१ ते १.२० येते. ग्राहकाला १.३३ हवा असेल तर सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) मशीनवरच बोअर करून घेण्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : रनआउटची खालची मर्यादा म्हणून ० टाकावे का?

उत्तर : नाही. शून्य ही निसर्गाची हद्द आहे, ड्रॉइंगवरची मर्यादा नव्हे. वरच्या डेटात ० टाकले तर नॉर्मलच्या सूत्राने पीपीके विनाकारण ०.७० वर येतो. मिनिटॅब या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या मर्यादेशेजारच्या ‘बाउंडरी’वर खूण करा. मापांतच ० असेल तर लॉग आणि बॉक्स-कॉक्स (मापांचा घात घेऊन ती नॉर्मल करण्याची रीत) दोन्ही चालत नाहीत. अशा वेळी ती शून्ये डायलच्या लीस्ट काउंटमुळे आली आहेत का, हे आधी तपासा.