पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवून फिरावं का?

रोकड घेऊन म्हापसा-पणजी स्कूटरनं जाताना परवान्याचं .३२ पिस्तूल चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) भरून ठेवावं का, असं विचारलंय. आधी फायरिंग पिन ब्लॉक (ट्रिगर दाबल्याशिवाय पिन गोळीवर आदळू न देणारा अडसर) आहे का बघा. नसेल तर चेंबर रिकामाच. पिस्तूल आपटलं तर गोळी सुटू शकते. असला तरी ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. खिशात किल्ल्यांसोबत तर नकोच नको. चेंबर रिकामा ठेवलात तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात लागतो, आणि तो हँडलवर असतो! माझं मत तरीही रिकाम्याकडेच, रोजचा सराव नसेल तर.

रिकामं करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड ओढा. उलटं केलंत की नवी गोळी चेंबरमध्ये. तीच गोळी रोज भरली-काढली तर बुलेट (गोळीचं पुढचं टोक) केसमध्ये (मागच्या धातूच्या नळकांड्यात) आत दबते, उडताना दाब वाढतो. नव्या गोळीशेजारी उभी करून उंची ताडा.