व्हर्च्युअल मशीनच्या प्रोसेसरचं शेड्युलिंग कर्नलमध्ये कसं मॉनिटर करायचं? त्यासाठी स्वतःचं कर्नल मॉड्यूल लिहावं का?

मॉड्यूल लिहू नका. शेड्युलरमध्ये (कुणाला कधी सीपीयू द्यायचा ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागात) जे बघायचंय ते बघायची सोय कर्नलमध्ये आधीपासून आहे, आणि तुमच्या मॉड्यूलमुळे पॅनिक आला (कर्नलच कोसळलं) तर त्या होस्टवरचे, म्हणजे खऱ्या मशीनवरचे, सगळे गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका दमात आडवे होतील. प्रश्नाचा हा भाग इथेच संपला. खरं तर मी उत्तर लिहायला बसले ते प्रश्नाखाली तुम्ही लिहिलेल्या या वाक्यामुळे: ‘गेस्टमध्ये सीपीयू वापर कमी आहे तरी सर्व्हिस मधूनच अडकते, आणि होस्टवाले म्हणतात मशीन साठ टक्के रिकामं आहे, तुमचाच कोड तपासा.’ हे मी एका माणसाकडून दर मीटिंगमध्ये ऐकलंय.

तो आमच्याकडे होस्ट सांभाळणाऱ्या टीमचा प्रमुख होता. आमची सर्व्हिस केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय), आठ व्हीसीपीयूंच्या (व्हर्च्युअल प्रोसेसरांच्या) गेस्टमध्ये चालायची. हलक्या रिक्वेस्ट पटकन उरकायच्या, पण काही जड होत्या, त्यांना सलग ७० मिलिसेकंद सीपीयू लागायचा. त्यांतली एखादी कधी ७० मध्ये सुटायची, कधी १२० घ्यायची, आणि वाईट वेळ असली की हलक्या रिक्वेस्टही तिच्यामागे तुंबायच्या. आम्ही प्रोफाइल काढलं, गार्बेज कलेक्शन तपासलं, नेटवर्क तपासलं. गेस्टमध्ये सीपीयू पंचवीस टक्के, स्टील टाइम (गेस्टला चालायचं असूनही होस्टने सीपीयू दिला नाही तो वेळ) एक टक्का. साहेब ग्राफ दाखवायचे आणि म्हणायचे, एक टक्का म्हणजे काहीच नाही.

एक टक्का कशाचा, हे मात्र विचारायचं नाही. डॅशबोर्डवर एका मिनिटाची सरासरी होती. आठ व्हीसीपीयूंच्या एका मिनिटात ४,८०,००० मिलिसेकंद असतात, त्याचा एक टक्का म्हणजे ४,८००. पन्नास-पन्नास मिलिसेकंदांचे ९६ थांबे त्यात मावतात, आणि ग्राफ मात्र सपाट दिसतो. लेटन्सीच्या (उत्तराला लागणाऱ्या वेळेच्या) भांडणात मिनिटाची सरासरी घेऊन येणाऱ्या माणसाशी मी हल्ली वाद घालत नाही, फक्त हा गुणाकार करून दाखवते.

त्याचा दुसरा मुद्दा असा की गेस्टमधले आकडे भरवशाचे नसतात. यावर मी आजही भांडायला तयार आहे. होस्टच्या शेड्युलरला व्हीसीपीयू म्हणजे क्यूईएमयूचा (होस्टवर गेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) एक थ्रेड, दुसरं काही नाही. प्रॉकमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतं त्या फोल्डरमध्ये) त्या थ्रेडच्या शेडस्टॅट फाइलमध्ये तीन आकडे असतात: सीपीयूवर किती नॅनोसेकंद चालला, रन क्यूमध्ये (सीपीयूसाठीच्या रांगेत) किती नॅनोसेकंद ताटकळला, आणि किती वेळा पाळी मिळाली. मधला आकडा म्हणजे रन डिले. गेस्टला स्टील टाइम कळवताना केव्हीएम याच रन डिलेमधली वाढ उचलतं आणि गेस्टशी शेअर केलेल्या मेमरीत जमा करतं. ही सोय २०११ पासून, म्हणजे ३.१ कर्नलपासून आहे. म्हणजे आमच्या गेस्टमधला तो ‘बेभरवशाचा’ आकडा त्याच्याच होस्टच्या शेड्युलरने मोजलेला होता. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा विषय बदलला गेला.

ट्रेसिंगला, म्हणजे कर्नलमधल्या घटना एकेक करून टिपायला, त्या प्रमुखाची परवानगी नव्हती. ‘प्रॉडक्शन होस्टवर ट्रेस चालवणार नाही, मशीन स्लो होतं.’ शेवटी त्याच्या टीममधल्या एका समंजस इंजिनियरने मेंटेनन्स विंडोत आमच्या गेस्टवर लोड टाकला आणि फक्त आमच्या व्हीसीपीयू थ्रेडचे आयडी फिल्टरला लावून शेड-स्विच हा ट्रेसपॉइंट (सीपीयूवरचा थ्रेड बदलला की नोंद करणारी कर्नलमधली जागा) चालू केला. मशीनला ढिम्म फरक पडला नाही.

त्या ट्रेसमध्ये बघायचं काय, तर थ्रेड सीपीयूवरून उतरताना त्याची स्टेट काय होती ते. एस असेल तर गेस्टला काम नव्हतं, त्याने हॉल्ट केलं आणि थ्रेड आपणहून झोपला. तिथे तक्रारीला जागा नाही. आर असेल तर थ्रेडला चालायचं होतं आणि त्याला खाली उतरवलं गेलं. आता नेहमीच्या गर्दीत आरच्या पुढे दुसऱ्या कुणाचं तरी नाव दिसतं, जो त्याच्या जागी बसला त्याचं. आमच्या ट्रेसमध्ये आरच्या पुढे स्वॅपर होता. स्वॅपर म्हणजे आयडल टास्क. चालायला तयार असलेला थ्रेड खाली उतरवला, आणि त्या जागी कोणालाच बसवलं नाही! सीपीयू रिकामा, थ्रेड ताटकळत, आणि हे पन्नास मिलिसेकंद. होस्ट साठ टक्के रिकामा होता हे साहेबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

असं होतं ते सीग्रुपच्या कोट्यामुळे. सीग्रुप म्हणजे प्रोसेसचा गट, ज्याला कर्नल सीपीयूची मर्यादा लावू शकतं. लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक व्हीसीपीयूला वेगळा सीग्रुप देतं, आणि आमच्या गेस्टच्या प्रत्येक व्हीसीपीयूला कोणीतरी १०० मिलिसेकंदांच्या पीरियडला ५० चा कोटा लावून ठेवला होता, म्हणजे दर १०० मध्ये ५० च चालायची मुभा. ७० मिलिसेकंदांचं काम पीरियडच्या सुरुवातीला आलं तर ५० चालतं, ५० थांबतं, मग उरलेलं २० चालतं: झाले १२०. तेच काम पीरियड सुरू होऊन ६० मिलिसेकंद झाल्यावर आलं तर या पीरियडमध्ये ४०, पुढच्यात ३०, थांबा शून्य. एकच कोड, एकच डेटा, आणि वेळ कधी ७० तर कधी १२०. आम्ही ‘कधीकधी’चं कारण महिनोन्‌महिने कोडमध्ये शोधत होतो.

लॉकचं प्रकरण याहून वाईट. लॉक (एका वेळी एकालाच घेता येणारं कुलूप) धरलेला व्हीसीपीयू थ्रॉटल झाला, म्हणजे कोटा संपल्यामुळे थांबवला गेला, की बाकीचे त्या लॉकसाठी गरगर फिरत आपापला कोटा जाळतात आणि तेही थ्रॉटल होतात. फिरणाऱ्याने आपली पाळी लॉकवाल्याला देण्याची युक्ती केव्हीएममध्ये आहे, पण थ्रॉटल झालेल्या थ्रेडला पाळी दिली तरी तो चालू शकत नाही. हलक्या रिक्वेस्ट तुंबायच्या त्या इथे.

तर तुमच्याकडे सगळ्यात आधी त्या सीग्रुपची सीपीयू-स्टॅट फाइल वाचायला सांगा. थ्रॉटलची संख्या वाढत असेल तर ट्रेसचीसुद्धा गरज नाही. वाढत नसेल तर दर सेकंदाला, मिनिटाला नव्हे, प्रत्येक व्हीसीपीयू थ्रेडचा रन डिले टिपा. त्याच्या पुढे पर्फ शेड टाइमहिस्ट ही कमांड, किंवा बीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) चालणारं रनक्यूलॅट, जे कर्नलमध्येच हिस्टोग्राम बनवतं म्हणून हलकं पडतं. आणि होस्टवाले ‘कोटा सरासरीवर असतो’ म्हणाले तर त्यांना वरचं ७० आणि १२० चं गणित कागदावर करायला लावा. तुमच्यासमोर. आमच्याकडे कोटा निघाला, पण ‘ट्यूनिंग’ या नावाखाली. तिकिटावर कारण आजही ‘ॲप्लिकेशन’ असंच लिहिलेलं आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळं लिनक्स आणि केव्हीएमचं आहे. झेनमध्ये हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) स्वतःच प्रत्येक व्हीसीपीयूची रनस्टेट ठेवतो, तिथे ‘रनेबल’मध्ये गेलेला वेळ बघा. व्हीएमवेअरमध्ये ईएसएक्सटॉप या टूलमधला रेडी टक्का बघा, आणि लिमिटमुळे गेलेला वेळ त्यात मॅक्स-लिमिटेड म्हणून वेगळा दिसतो. भाड्याच्या क्लाउडवर होस्ट तुमच्या हातात नसतो, तिथे स्टीलवरच भागवावं लागतं.

स्टील शून्य म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. हायपरथ्रेडिंगमध्ये (एका कोरवर दोन थ्रेड चालतात तेव्हा) शेजारचा थ्रेड कोरचा वाटा खातो तो स्टीलमध्ये येत नाही. उलट बाजूने, गेस्ट हॉल्ट झाल्यावरही केव्हीएम थोडा वेळ पोल करत (नवं काम आलं का ते बघत) थांबतं (एक्स८६ वर डीफॉल्ट कमाल मर्यादा २०० मायक्रोसेकंद), म्हणून होस्टवर व्हीसीपीयू थ्रेड गेस्टला वाटतो त्यापेक्षा जास्त चाललेला दिसतो. गेस्ट आणि होस्टचे ट्रेस शेजारी ठेवणार असाल तर दोन्हीकडची घड्याळं आधी जुळवा, ट्रेस-सीएमडी हे टूल ते काम करतं. आणि फिल्टर न लावता भरलेल्या होस्टवर शेड-स्विच रेकॉर्ड केलंत तर डेटाचा डोंगर होईल, मशीनलाही ते जाणवेल. तेवढ्यापुरतं साहेबांचं बरोबर होतं.

कोटा काढायला ते तयार नसतील तर पीरियड १० मिलिसेकंद आणि कोटा ५ करून मागा. वाटा तेवढाच राहतो, पण एक थांबा पन्नासऐवजी पाच मिलिसेकंदांचा होतो. ७० मिलिसेकंदांचं काम मात्र मग दर वेळी १४० च्या आसपास जाईल, म्हणून लॉकमुळे तुंबणं हे मुख्य दुखणं असेल तरच हे करा. कर्नल ५.१४ किंवा नंतरचं असेल तर न वापरलेला कोटा साठवून ठेवणारी बर्स्टची सेटिंगही आहे. सीपीयू-स्टॅटमधले आकडे कमेंटमध्ये टाकलेत तर यातलं काय मागायचं ते सांगते.